कुलपाआडची पाळी

सकाळी ६.५०
हुमनाबाद बसस्थानक. कलबुर्गीची गाडी लागलीय. ताईंच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला भाडं पडत नाही. ताई मुलांच्या निरीक्षणगृहात कंत्राटी समुपदेशक आहेत. लोक त्याला अजून रिमांड होमच म्हणतात. मिशन वात्सल्य या सरकारी योजनेच्या दरात या कामाला महिना २३,१७० रुपये. घरात मराठी, शाळा-कॉलेज कानडीत. त्यांचं नाव लिहीत नाही. मुलांचं तर बाल न्याय कायद्याचं कलम ७४ छापूच देत नाही.

८.३०
गेट. मोबाइल बाहेर. गार्ड डबा उघडून बघतो, चमचा काढून घेतो. जेवायचं हातानं. आत आरसा नाही, कमरपट्टा नाही, चड्डीला नाडीऐवजी इलास्टिक. नेलकटर साखळीनं टेबलाला बांधलेला. ताई आधी रात्रीची वही वाचतात. कोण झोपला नाही, कुणी भिंतीवर डोकं आपटलं.

९.००
गोळ्या. मुलं रांगेत. "गिळ. तोंड उघड. जीभ वर. आता गाल." गालात दाबून ठेवायची आणि संडासात थुंकायची, ही युक्ती जुनी. साठवून ठेवणारा भेटला तर जास्त वाईट. व्हॅल्प्रोएट आत्ता, रिस्पेरिडोन रात्री. रिस्पेरिडोननं भूक वाढते, वजनही. पोरं तिसरी भाकरी मागतात. स्वयंपाकीण कुरकुरते. "वाढा हो, गोळीची भूक आहे," ताई म्हणतात आणि वजनाच्या तक्त्यात आकडा टिपतात.

१०.१५
दवाखान्यातून मानसशास्त्रज्ञ आलेत. समोर सतरा वर्षांचा मुलगा, औराद भागातला. सोळा पूर्ण झालेल्या मुलावर किमान सात वर्षं शिक्षेचा गुन्हा असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची प्राथमिक तपासणी करतं. केलेल्याचे परिणाम कळण्याइतकी समज होती का, हे त्यात पाहायचं. मुदत तीन महिने. त्यावर ठरतं, खटला मोठ्यांसारखा चालवायचा की नाही. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर बाहेरून घ्यायलाच हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. म्हणून आज हे साहेब. ते कानडीत विचारतात, मुलगा मराठीत सांगतो, मधे ताई.

चाचणी बिने-कामत. फ्रेंच चाचणीचं कानडी आणि मराठी मुलांसाठीचं रूप व्ही. व्ही. कामतांनी १९३०च्या दशकात धारवाडला बसवलं. या सीमेवर ते अजून उपयोगी पडतंय. आकडे ऐकायचे, उलटे म्हणायचे. तीन आकडे जमतात. चारला तो थांबतो, अंगठ्याचं नख कुरतडतो. "पुन्हा सांगा की." पुन्हा सांगता येत नाही, नियम आहे. ताई नुसत्या बघतात. मदत करायची नाही, हेही कामच.

१२.००
गट. फरशीवर खडूनं शून्य ते दहा. काल राग जिथवर गेला, तिथं उभं राहायचं. एक पोरगा सरळ दहावर. "सातवर असताना अंगात काय झालं?" तो आठवतो. "कान गरम." ताई कान लिहून घेतात. कुणी हसत नाही, ही मोठी गोष्ट.

भिंतीवर तक्ता. आज नीट वागलास तर उद्या कॅरम. उद्याचं उद्या पुन्हा मोजायचं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या मेंडोटा इथं १९९५ मध्ये हिंसक मुलांसाठी कुलूपबंद उपचार केंद्र निघालं. हा हिशेब तिथला. तिथं मुलांमागे पगारी माणसं भरपूर. इथं ताई, गृहपिता, गार्ड आणि खडू. गृहपित्याचा दर १४,५६४.

दुपारी २.१०
सकाळच्या त्या औरादकडच्या मुलाची आई. पहाटेच निघालेली, वाटेत गाडी बदलून आली. तिला भाडं नाही, पण तीनशेचा रोज बुडाला. नवऱ्याला तिकीट पडतं, म्हणून ती एकटीच येते. फडक्यात शेंगदाण्याची चटणी. आत सोडत नाहीत. "ताई, पोरगं येडं हाय का?" ताई म्हणतात, "नाही, मावशी. तपासणी चालू आहे." आई चटणी परत बांधते.

४.२०
कॅरमवरून. स्ट्रायकर कुणाच्या कपाळावर बसतो. गृहपिता आणि गार्ड दोन्ही हात धरतात. बेड्या घालायला कायद्यानं मनाई. मारणारा तोच, कान गरम होणारा. त्याला गादीच्या खोलीत नेतात. ताई दाराबाहेर जमिनीवर बसतात, बोलत नाहीत. वीस मिनिटांनी आतून आवाज येतो. "पाणी."

ताई प्लास्टिकचा पेला आत सरकवतात. "किती होता?"
"नऊ."
"आत्ता?"
"पाच."

५.४५
वही. कपाळाला दोन टाके, कुणी धरलं, किती मिनिटं. पेनातली शाई संपते, दहाचं नवं पेन स्वतःच्या पर्समधून. गृहपिता दारात. "मॅडम, ह्याचा उद्याचा कॅरम?"

"आज मारलं, उद्या नाही. परवाचा हिशेब उद्याच्या वागण्यावर. त्याला आज रात्रीच तसं सांगून ठेवा." हुमनाबादची गाडी सव्वासहाची. ताई गेटवर चमचा मागून घेतात.