वर्गशिक्षकांची चिठ्ठी

मुलाच्या मनात काही बिनसले आहे, हे पुष्कळदा आईवडिलांच्या आधी वर्गशिक्षकांच्या ध्यानात येते. वडील दुकान वाढवून घरी पोचतात तेव्हा मूल झोपलेले असते. शिक्षकांसमोर मात्र ते रोज पाच-सहा तास, बरोबरीच्या मुलांमध्ये बसलेले असते. वह्या अपुऱ्या राहणे, डबा तसाच परत जाणे, दर सोमवारी पोट दुखणे, असे बदल तेथेच दिसतात.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या २०२२ च्या सर्वेक्षणात सहावी ते बारावीचे सुमारे ३ लाख ८० हजार विद्यार्थी सहभागी होते. त्यांपैकी ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हे चिंतेचे कारण सांगितले.

यावर वर्गात करण्यासारखे उपाय साधे आहेत. गुण मोठ्याने वाचू नयेत. चुकलेल्या उत्तराला वर्गात हशा पिकू देऊ नये. तास संपल्यावर मुलाला बाजूला घेऊन, ‘हल्ली बोलत नाहीस, झोप लागते ना?’ एवढे विचारावे. निदान करणे हे शिक्षकांचे काम नव्हे. ऐकून घेणे आणि समुपदेशकांकडे पोचवणे हे आहे. ‘जगावेसे वाटत नाही’ असे मूल बोलले, तर ते गुपित ठेवण्याचे वचन देऊ नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी घरी कळवावे. थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता असला पाहिजे. गुणांनुसार तुकड्या पाडणे आणि चारचौघांत पाणउतारा करणे टाळण्यासही त्यांत सांगितले आहे. खासगी शिकवणी वर्गही त्यातून सुटलेले नाहीत.

तथापि शाळेने सारे केले, तरी चिठ्ठी शेवटी घरीच येते. आणि व्यापारी घराण्यांत ती बहुधा तेथेच अडते. बाहेर कळले तर पेढीच्या नावाचे काय, पुढे स्थळे येतील का, हे प्रश्न आधी उभे राहतात. मग शाळा बदलली जाते किंवा आणखी एक शिकवणी लावली जाते. गिऱ्हाइकाची उधारी थकली की आठवड्यात चौकशी करणारी माणसे, मुलाचा चेहरा उतरला की ‘परीक्षा संपली की येईल ठिकाणावर’ म्हणत वर्ष घालवतात. गुणवंतांच्या सत्काराला साऱ्या समाजाची गर्दी होते. पंचावन्न टक्के मिळवणारा मुलगाही त्याच मंडपात बसलेला असतो, याचे भान मात्र क्वचितच असते.

शिक्षकांचा अंदाज कधी चुकतोही. तरी त्यांनी बोलावले तर दोघांनी जावे, ते काय सांगतात ते लिहून घ्यावे आणि घरी येऊन मुलाला जाब विचारू नये. शाळेत समुपदेशक नसल्यास शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. ही सेवा विनामूल्य व अहोरात्र असून तेथे मराठीतही बोलता येते.