ताडी सुटल्यावर

मराठवाड्यात जिला शिंदी म्हणतात, हैदराबादच्या दखनी बोलीत सेंधी आणि तेलुगूत कल्लू, ती झाडावरून उतरवली जाते तेव्हा गोड असते आणि काही तासांतच आंबून सौम्य मद्य बनते. झाडे थोडी आणि पिणारे अफाट अशी स्थिती झाल्यावर तेलंगणातील अनेक कल्लू कंपाउंडांत, म्हणजे ताडीच्या दुकानांत, पाणी आणि सॅकरिन घालून वाढवलेल्या पेयाला नशा यावी म्हणून क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम यांची भुकटी मिसळली जाऊ लागली. यांपैकी शेवटची दोन बेन्झोडायझेपिन गटातील, म्हणजे चिंताविकारावर दिली जाणारी औषधे आहेत. त्यामुळे रोज ताडी पिणारा मजूर नकळत रोज एक औषध घेत असतो, आणि ते कोणत्या मात्रेत हे त्याला किंवा दुकानदारालाही ठाऊक नसते.

सप्टेंबर २०१५मध्ये तेलंगणात या भेसळीविरुद्ध कडक कारवाई झाली, तेव्हा निजामाबाद, महबूबनगर अशा जिल्ह्यांतील सरकारी रुग्णालयांत आणि हैदराबादमधील एर्रागड्डा येथील मनोरुग्णालयात अशा पिणाऱ्यांची रीघ लागली. हात थरथरणे, दरदरून घाम, झोप पार उडणे, कारण नसताना काळजाचे पाणी होणे, असंबद्ध बडबड आणि काहींना आकडी, ही लक्षणे पिण्याची नव्हती, पिणे एकाएकी थांबल्याची होती.

या लक्षणांतील भीतीचा उगम मेंदूच्या ज्या भागात शोधावा लागतो तो अमिग्डाला, कानशिलामागे खोलवर दोन्ही बाजूंना असलेला आणि बदामाशी साम्य असल्यामुळे ग्रीक भाषेतील बदामाचेच नाव मिळालेला पेशीसमूह होय. धोक्याची वार्ता प्रथम त्याच्या बाहेरील भागात पोहोचते, तेथे ग्लुटामेट हे रसायन पेशींना उद्दीपित करते आणि मध्य केंद्रातून निघालेले आदेश हृदयाची धडधड, घाम आणि श्वासाची गती वाढवतात. प्रत्येक आवाज धोका ठरू नये म्हणून या मार्गावर गाबा या रसायनाचा लगाम असतो: गाबा ग्राहीला, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनाला, चिकटले की क्लोराइडचे ऋणभारित कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. बेन्झोडायझेपिन हे दार स्वतः उघडत नाही; गाबा असताना ते अधिक वेळा उघडावे एवढेच करते. या ग्राहींच्या अनेक जाती असून, अमिग्डालात विपुल असलेली अल्फा-२ ही जात भीती शमवते, तर अल्फा-१ झोप आणते, असे २०००च्या सुमारास उंदरांवरील प्रयोगांनी दाखवले.

रोजच्या मात्रेने हा लगाम बाहेरून ओढला जाऊ लागला की मेंदू तोल सावरण्यासाठी स्वतःची पकड सैल करतो, ग्राही औषधाला पूर्वीसारखा प्रतिसाद देत नाहीत आणि उद्दीपक बाजू बळावते. अल्प्राझोलामची रक्तातील मात्रा साधारण अकरा तासांत निम्मी होते. म्हणून दुकान बंद झाल्यावर एक-दोन दिवसांतच अमिग्डालावर ना औषधाचा अंकुश उरतो, ना स्वतःचा. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ असे सांगणे निरर्थक आहे, कारण त्याची भीती मनाच्या दुबळेपणातून आलेली नसते.

उपचाराची रीत यातूनच ठरते. रुग्णाला दोन्ही हात पुढे करून बोटे पसरायला सांगितले जाते, कंप, नाडी, घाम आणि झोप यांची नोंद होते, आणि मग ज्या गटातील औषधाने घात केला त्याच गटातील, पण शरीरात कितीतरी दिवस रेंगाळणारे डायझेपाम मोजून दिले जाते. त्याची मात्रा पुढील दिवसांत किंवा आठवड्यांत पायरीपायरीने उतरवत नेतात, जेणेकरून ग्राहींना पूर्ववत होण्यास अवधी मिळावा. यात घाई केली तर आकडी येऊ शकते.

जुलै २०२५मध्ये हैदराबादच्या कुकटपल्ली भागात भेसळयुक्त ताडीने पुन्हा बळी घेतले. भेसळ करणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी. परंतु दुकानाला कुलूप लावण्याआधी त्या वस्तीजवळच्या रुग्णालयात खाटा आणि औषधे सज्ज ठेवणे हा त्या कारवाईचाच भाग मानला पाहिजे. आणि ज्यांच्या घरात असे पिणारे कोणी असेल, त्यांनी त्याची ताडी एका दिवसात तोडू नये, आधी त्याला डॉक्टरांकडे न्यावे.