सर्व्हर इथे, पण हुकूम कुणाचा?

वणी तालुक्यातल्या राजूरमध्ये सार्वभौमत्व डोळ्यांना दिसतं. कोळसा जमिनीत, जमीन देशात. १९७३मध्ये संसदेने कायदा केला आणि देशातल्या बहुतेक खासगी कोळसा खाणी सरकारच्या झाल्या. पण याच राजूरचा कामगार फोनवरून किराण्याचे पैसे देतो, तेव्हा त्या व्यवहारावर कुणाची सत्ता चालते? इथेच गैरसमज सुरू होतात.

सगळ्यात पसरलेला समज असा, की माहिती भारतातल्या सर्व्हरवर ठेवली की ती आपल्या ताब्यात आली. ते अर्धंच खरं. अमेरिकेच्या २०१८च्या क्लाउड कायद्यानुसार तिथल्या कंपनीकडून, माहिती जगात कुठेही साठवलेली असली तरी, कायदेशीर आदेशाने मागता येते. शिवाय प्रश्न नुसत्या साठवणुकीचा नाहीच. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. भारताचा तसा कोणताही निर्णय नव्हता. तरीही मायक्रोसॉफ्टने नायराची ईमेलसारखी रोजची सेवा थांबवली. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावं लागलं. काही दिवसांत सेवा सुरू झाली. पेट्रोल पंपांचं देशभर जाळं असलेल्या कंपनीचं कामकाज ब्रुसेल्समधल्या निर्णयाने अडतं, हे मला सर्व्हरच्या पत्त्यापेक्षा कितीतरी गंभीर वाटतं.

मग परदेशी कंपन्या हाकलायच्या? तेही नाही. यूपीआयवरचे बहुतेक व्यवहार फोनपे आणि गुगल पेवरून होतात. एक वॉलमार्टच्या मालकीची, दुसरी गुगलची. पण खालची यंत्रणा भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाची आहे आणि नियम रिझर्व्ह बँकेचे. व्यवहारांची माहिती भारतातच ठेवा, हा एप्रिल २०१८चा आदेश न पाळल्याबद्दल बँकेने जुलै २०२१मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई केली. पूर्तता झाल्यावर जून २०२२मध्ये ती उठवली. परदेशी कंपनीने इथे धंदा करावा, पण इथल्या कायद्याखाली, असा त्याचा अर्थ.

आणि सार्वभौमत्व म्हणजे सरकारला मोकळं रान, असंही नाही. २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. जानेवारी २०२०मध्ये इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येणार नाही, असं बजावलं. मात्र २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातल्या एका कलमानुसार केंद्र सरकार आपल्याच यंत्रणांना सूट देऊ शकतं. परदेशी कंपन्यांकडे बोट दाखवताना या कलमाची चर्चा फारच कमी होते.