वीजघरातून निघालेली सल्लागिरी

भिवपुरीच्या वीजघरामागे डोंगरउतारावरून जाड लोखंडी नळ खाली आलेले आहेत. वर मावळात ठोकरवाडीचं धरण. तिथलं पाणी बोगद्यातून येतं, पाचशे मीटरहून अधिक खाली झेपावतं आणि पेल्टन चाकाच्या वाट्यांवर आदळतं. १९२२ पासून इथली वीज मुंबईला जाते.

संगणक सल्लागारांविषयी लिहिताना भिवपुरीपासून सुरुवात करायला कारण आहे. एमआयटीत शिकून, अमेरिकेत वीजयंत्रणा चालवण्याचं प्रशिक्षण घेऊन फकीरचंद कोहली १९५१ साली टाटा इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले. काम लोड डिस्पॅचचं. संध्याकाळी मुंबईत दिवे लागले की कुठला संच किती चालवायचा? औष्णिक संच तापायला वेळ घेतो. भिवपुरी, खोपोली, भिऱ्याची चाकं काही मिनिटांत भार उचलतात. पण धरणातलं पाणी मोजकं, ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचं. हे गणित संगणकावर नेण्यात कोहलींचा पुढाकार होता. १९६९ साली ते टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये गेले. ही कंपनी घडवणारा माणूस आधी अठरा वर्षं विजेच्या कामात मुरलेला होता, आणि मला तीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

नव्वदच्या दशकात कारखान्यांत ईआरपी, म्हणजे खरेदी-साठा-हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर आलं, मागोमाग ‘इम्प्लिमेंटेशन पार्टनर’ आले. पॅकेज बसवायचं, माणसं आणि महिने मोजून बिल लावायचं, गो-लाइव्ह झालं की निघायचं. त्याचं फळ खोपोली-खालापूर पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्याच्या गेटवर बघा. पत्र्याच्या कॉइलचा ट्रक काट्यावर उभा. वजन खरेदी-ऑर्डरपेक्षा (पीओ) चाळीस किलो जास्त भरतं, म्हणून सिस्टिम माल आल्याची नोंद (जीआरएन) घेत नाही. मागे चार ट्रक खोळंबलेले. स्टोअरकीपर वहीत नोंद करून गाडी सोडतो आणि महिनाअखेरीस वही नि सिस्टिम जुळत नाहीत. खरं तर दोन-तीन टक्के फरक चालवून घेण्याची सोय पॅकेजमध्येच असते. ती लावायला हवी, हे काट्यावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आता सॉफ्टवेअर भाड्याने क्लाउडवर मिळतं, साधा कोड एआय लिहून देतं. एसएपीच्या ईसीसी या जुन्या ईआरपी पॅकेजचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतोय, त्यामुळे स्थलांतराची कामं सध्या भरपूर आहेत. पण नुसतं बसवून देणाऱ्याचे दिवस भरत आलेत. यापुढे टिकेल तो कामाची नस ओळखणारा, गो-लाइव्हनंतर थांबणारा आणि वेळ पडल्यास मालकाला ‘पॅकेज बदलू नका, तुमची पद्धत बदला’ असं तोंडावर सांगणारा.

भिवपुरीतच १००० मेगावॉटच्या उदंचन प्रकल्पासाठी टाटा पॉवरने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की सोडायचं. केव्हा आणि किती, हे ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला पाणीही कळावं लागेल.

कर्जत-खालापूरच्या कारखानदारांना एवढंच सांगणं आहे: नवा पार्टनर नेमताना त्याचा माणूस पहिला आठवडा कुठे बसणार, ते आधी विचारा. त्याला काट्यावर आणि स्टोअरमध्ये बसवा, करारावर सही त्यानंतर करा.