पंधरा दिवस कुठून मोजायचे?

तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम हलवून सणसर, निमगाव केतकीच्या वाटेने इंदापूरकडे निघाली, की आसपासच्या वाड्यावस्त्यांवरची माणसे रस्त्याला येऊन बसतात. अशाच एका वर्षी रस्त्याकडेच्या लिंबाखाली एक मावशी भेटल्या. गाव जिरायती पट्ट्यातले. घरी तीन एकर रान, पण विहिरीला माघ सरला की पाणी नाही. ज्वारी काढून झाली, कडब्याच्या पेंढ्या बांधून झाल्या, आणि मग घरातली दोन्ही कर्ती माणसे बसून.

"रोजगार हमीचं काम मागितलं नाही का?" मी विचारले.

"मागितलं की! आखितीला सांगितलं. आता पालखी आली. दोन महिने झाले, अजून काम निघतंय."

"लिहून दिलं होतं का?"

मावशी हसल्या. "लिहून कशाला? रोजगार सेवक आपल्याच भावकीतला हाय. रोज दारावरनं जातो."

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, या एका उत्तरात मावशींचे किती रुपये गेले, याचा हिशेब मी तिथेच बसून मांडला. तो पुढे सांगतोच. पण आधी हा हक्क आला कुठून ते थोडक्यात पाहू, कारण आजच्या पिढीला ही योजना दिल्लीहून आली असे वाटते. ती महाराष्ट्राची आहे.

वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात हा प्रयोग पहिल्यांदा करून पाहिला. काम मागेल त्याला काम, एवढाच त्याचा अर्थ. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. बारामती-इंदापूरच्या ज्या म्हाताऱ्या माणसांनी तो पाहिला, त्यांना अजून खडी फोडायचे ठेके, मायलोची लाल ज्वारी आणि सुकडी आठवते. दुष्काळ सरल्यावर सरकारने ही हमी कायद्यात बसवली. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा, आणि तो अमलात आला २६ जानेवारी १९७९ पासून. खर्चासाठी १९७५ पासून व्यवसाय कर बसवला होता. म्हणजे मुंबई-पुण्याचा पगारदार दरमहा जो कर भरत होता, त्यातून आपल्या पाझर तलावावरची हजेरी निघत होती. हे उपकार नव्हते, कायदा होता.

त्या कायद्यात एक कलम असे होते की, काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम दिले नाही, तर मजुराला बेकारभत्ता द्यायचा. रक्कम ठेवली होती रोजचा निदान एक रुपया. रुपयाला तेव्हा आजच्यापेक्षा किंमत होती हे खरे, पण तो मिळालेला माणूस शोधावा लागला असता. भत्ता फार क्वचित दिला गेला. कारण साधे आहे. भत्ता द्यायचा तर मागणी केव्हा झाली ते कागदावर हवे, आणि तोंडी मागणीला तारीख नसते.

केंद्राने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला, त्यातही हे पंधरा दिवस तसेच घेतले. भत्त्याचा दर मात्र मजुरीशी जोडला. आर्थिक वर्षातल्या पहिल्या तीस दिवसांना मजुरीच्या किमान पाव हिस्सा, त्यापुढे किमान निम्मा. घराला शंभर दिवसांची हमी केंद्राची, आणि त्यापुढच्या दिवसांचा भार महाराष्ट्राने आपल्या कायद्याने उचललेला.

आता मावशींचा हिशेब. २०२५-२६ साठी महाराष्ट्राचा मजुरीचा दर ३१२ रुपये ठरला होता, तोच धरू. समजा मावशींनी आखितीला साठ दिवसांचे काम लेखी मागितले असते. पहिले पंधरा दिवस सोडून द्या. पुढच्या तीस दिवसांचे रोजी ७८ रुपयांप्रमाणे २३४० रुपये. त्यानंतरच्या पंधरा दिवसांचे रोजी १५६ प्रमाणे पुन्हा २३४०. एकूण ४६८० रुपये. एका माणसाचे. बियाण्याची पिशवी आणि खताची पोती यांचा भागला असता असा आकडा.

आता यात एक बारीक गोम आहे. ती मला स्वतःलाही उशिरा कळली. अर्जात जेवढ्या दिवसांचे काम मागितले असेल, तेवढ्याच मुदतीचा भत्ता मिळू शकतो. पुष्कळ ठिकाणी छापील अर्जावर चौदा दिवस एवढेच लिहून मोकळे होतात. काम निघाले नाही, पंधरा दिवस गेले, आणि मागणीची मुदतही संपली! म्हणून अर्जात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत काम हवे ते स्वतः भरावे, दुसऱ्याला भरू देऊ नये. आणि पुढच्या महिन्यात काम हवे असेल तर अर्ज या महिन्यातच द्यावा, म्हणजे वाट पाहण्याचे दिवस घरातल्या ज्वारीवर निघतात.

अर्ज ग्रामपंचायतीत द्यायचा. कामाच्या मागणीचा तो नमुना चार. ग्रामसेवकांना २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण खेड्यात ते अजून भाऊसाहेबच आहेत. अर्ज दिला की तारखेची पोच मागायची. पोच म्हणजे सही, शिक्का आणि तारीख. तिन्हीपैकी एक नसेल तर ती पोच नव्हे. पंधरा दिवस मोजायचे ते या पोचेपासून. आणि अर्ज आगाऊ दिला असेल तर ज्या तारखेपासून काम मागितले त्या तारखेपासून.

पोच द्यायला का कू होते हा अनुभव नवा नाही. "भाऊसाहेब मिटिंगला गेलेत", "पावती पुस्तक संपलंय", "आधी काम मंजूर होऊ द्या, मग अर्ज घेऊ." शेवटचे वाक्य तर उलटेच आहे. मागणी आधी, काम मागाहून, ही तर या योजनेची रीत. गावात कोणी अर्ज घेत नसेल तर तालुक्याला द्यावा. महाराष्ट्रात तहसीलदार हे तालुक्याचे कार्यक्रम अधिकारी आणि गटविकास अधिकारी हे सह कार्यक्रम अधिकारी. दोन्ही कचेऱ्यांत आवक बारनिशी असते, तिथे नंबर पडला की झाले. नाहीतर टपाल आहेच. रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात मिळवून टाकले, तेव्हा खिडकीवर स्पीड पोस्ट मागा आणि पोचेसह पाठवायचे आहे असे सांगा.

त्या दिवशी लिंबाखाली एवढे बोलणे झाले. मावशींनी वस्तीवर जाऊन आणखी दहा जणी गोळा केल्या. त्यांच्या ग्रामपंचायतीने पहिल्या दिवशी पोच दिली नाही. दुसऱ्या दिवशी अकराही जणी पायरीवर बसल्या, एवढेच, घोषणा नाही की भांडण नाही. दुपारी शिक्का पडला. तेराव्या दिवशी गावच्या जुन्या पाझर तलावातला गाळ काढण्याचे काम निघाले.

दोन महिने न निघालेले काम तेरा दिवसांत कसे निघाले? माझे मत असे आहे की, कागद झाल्यावर काम काढणे हेच कचेरीला सोपे पडते. भत्ता राज्याच्या तिजोरीतून द्यायचा. देता येत नसेल तर अधिकाऱ्याने वर कळवायचे, आणि न देण्याची कारणे स्वतःच्या व ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची, असे २००५ च्या कायद्याने बजावले होते. असा कागद फळ्यावर लावणे कोणाला आवडेल? म्हणून भत्ता हातात पडो न पडो, तो मागण्याची तयारी ठेवली की काम चालत येते. आणि आपल्याला काम जास्त मोलाचे. ७८ रुपये आणि ३१२ रुपये यांत निवड करायला शाळा लागत नाही.

आपल्या बाजूनेही चूक होऊ नये. काम निघाल्याचे कळवल्यावर पंधरा दिवसांत हजर झाले नाही, काम नाकारले, किंवा परवानगीशिवाय आठवड्याहून अधिक गैरहजर राहिले, तर तीन महिने भत्त्याचा हक्क जातो असे त्या कायद्यात होते. तेव्हा माहेरी जायचे, लग्नाला जायचे, तरी दोन ओळी लिहून द्याव्यात. काम पाच किलोमीटरच्या पलीकडे निघाले तर दहा टक्के मजुरी जास्त, हेही ध्यानात असावे.

काम मिळाले म्हणजे उशीर संपला असे मात्र नाही. मजुरीला उशीर हा वेगळा. मस्टर संपते, तांत्रिक सहायक येऊन मोजमाप घेतो, मापपुस्तकात नोंद होते, तालुक्याला संगणकात भरणा होतो, दोन सह्या होतात आणि मग पैसा बँकेच्या वाटेला लागतो. २०२३ पासून हजेरी मोबाईलवर फोटो काढून, आणि १ जानेवारी २०२४ पासून पैसे आधारशी जोडलेल्या खात्यातच. या साखळीत एक कडी अडकली की मजूर अडकतो. रेंज नाही म्हणून फोटो गेला नाही, आणि राबूनही हजेरी शून्य, हे अनेकींनी भोगले आहे. म्हणून आपली हजेरी आपल्याही वहीत लिहावी. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्यावी. पोराचेही अक्षर सुधारते.

मस्टर संपल्यापासून सोळाव्या दिवसापुढे जितके दिवस मजुरी थकेल, तितक्या दिवसांची भरपाई रोज शेकडा पाच पैसे या दराने धरली होती. मावशींची पहिल्या आठवड्याची सहा दिवसांची मजुरी १८७२ रुपये धरा. ती चाळिसाव्या दिवशी आली तर चोवीस दिवसांचे होतात साधारण साडेबावीस रुपये. तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी कोण हेलपाटा घालतो? बरोबर आहे. पण ही रक्कम ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्याकडून वसूल करायची सोय होती, आणि उशिराचे दिवस नोंदले गेले की पुढचे मस्टर वेळेवर सरकते. उशीर दिल्लीतून पैसा सुटायला झाला तरी भरपाई द्यावीच लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १८ मे २०१८ च्या निकालात सांगितले आहे.

आपल्यापैकी ज्यांच्या रानात योजनेतून विहीर किंवा फळबाग चालू आहे, त्यांनी एक पाहावे. तिथे मजूर तुमच्या ओळखीचे असतात आणि मजुरीचा तगादा तुमच्याकडेच येतो. मोजमापाला तांत्रिक सहायकाला वेळेवर बोलावणे हे तुमच्या हातात आहे. "पैसे आले की बघू" म्हणून बसू नका.

मधल्या रिकाम्या आठवड्यांत घर कसे चालवायचे? इथे उपदेश करायला मला संकोच वाटतो, कारण उधारीच्या दुकानाची पायरी कोणी हौसेने चढत नाही. पण एक पाहिले आहे. ऊसतोडीच्या मुकादमाची उचल उन्हाळ्यात घेतली की दिवाळीनंतरचे सगळे दिवस तिच्यात बांधले जातात. बचत गटातून हजार-दोन हजार काढून, मजुरी खात्यात आली की फेडणे हे त्यापेक्षा पुष्कळ बरे. गटाच्या बाईला पोच दाखवली तर तीही समजून घेते. जॉबकार्ड मात्र कोणाकडे गहाण किंवा 'सांभाळायला' देऊ नये. ते मजुराच्या घरातच राहायला हवे.

तक्रार करायची तर तीही लेखी. तालुक्याला दिलेल्या तक्रारीचा निकाल सात दिवसांत लागावा असा नियम होता. तिथे दाद लागली नाही तर जिल्ह्याला तक्रार निवारण प्राधिकारी असतात. आपला अर्ज कुठे अडला हे कळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून विचारता येते. उत्तर तीस दिवसांत यावे लागते.

आता एक बदल सांगितलाच पाहिजे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने जुन्या कायद्याच्या जागी नवा कायदा केला आहे. त्यात घरामागे शंभराऐवजी १२५ दिवस धरले आहेत, आणि पेरणी-काढणीच्या हंगामात मिळून वर्षात साठ दिवस कामे बंद ठेवायची तरतूद आहे. पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता, हे सूत्र त्यातही ठेवले आहे. तरी वर मी जे बारकावे दिले ते २००५ च्या कायद्याचे आहेत. तेव्हा अर्ज देताना तो कोणत्या कायद्याखाली घेतला आणि आपल्याकडे कामे बंद ठेवायचे दिवस कोणते, हे भाऊसाहेबांना विचारून घ्यावे. बागायती गावात ऊस-द्राक्षाला माणूस मिळत नाही, आणि पलीकडच्या जिरायती गावात माणसाला काम मिळत नाही, अशा या दोन तालुक्यांत ते साठ दिवस सगळ्यांना सारखे कसे लागू पडणार, हे मला तरी उमगलेले नाही.

मावशींची गाठ पुढच्या वर्षी पुन्हा पडली. जॉबकार्ड, पासबुक आणि पोच त्यांनी दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून ज्वारीच्या कणगीत ठेवली होती, उंदीर पोचत नाही अशा जागी. त्या वर्षीचा अर्ज त्यांनी होळीच्या आधीच देऊन टाकला होता. पोचेवरचा शिक्का फिका उठला होता, म्हणून भाऊसाहेबांना म्हणाल्या, "शाई लावा दादा थोडी," आणि परत मारून घेतला.