पाइन वृक्षांचा मर रोग व त्यांची प्रतिकारशक्ती

सूत्रकृमी म्हटले म्हणजे टोमॅटो, वांगी, भेंडी इत्यादी पिकांच्या मुळांवर येणाऱ्या गाठी शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. हे शत्रू जमिनीतून येतात व पिकास हळूहळू अशक्त करतात. परंतु मातीशी काडीचाही संबंध नसलेला, कोवळ्या डहाळ्यांतून खोडात उतरणारा आणि उंच वाढलेला वृक्ष एकाच हंगामात वाळवून टाकणारा असाही एक सूत्रकृमी आहे. त्याचे भक्ष्य म्हणजे पाइन वृक्ष. आपल्याकडील हिमालयातील चीड हा याच गोत्रातील होय.

जपानमध्ये नागासाकीच्या परिसरात १९०५ च्या सुमारास पाइनची झाडे वाळू लागली. पुढे कित्येक वर्षे याचा दोष खोड पोखरणाऱ्या किड्यांवरच ठेवला जात असे. १९७१ मध्ये कियोहारा व तोकुशिगे या संशोधकांनी सूत्रकृमी निरोगी झाडांत सोडून पाहिले, तेव्हा तीही झाडे मेली आणि खरा अपराधी उघडकीस आला. हा कृमी मूळचा उत्तर अमेरिकेतील. १९७९ मध्ये एकट्या जपानात सुमारे २४ लाख घनमीटर लाकूड या रोगाने मेले. १९८२ मध्ये तो चीनमधील नानजिंग येथे, १९८८ मध्ये दक्षिण कोरियात आणि १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये आढळला.

या कृमीची लांबी जेमतेम एक मिलिमीटर. त्यास एका झाडावरून दुसऱ्यावर नेण्याचे काम लांब मिशांचा एक भुंगा करतो. कोकणात आंब्याचे खोड पोखरणारे भिरूड ज्या कुळातील, त्याच कुळातील हा भुंगा. मेलेल्या झाडातून उन्हाळ्याच्या प्रारंभी तो बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या श्वासनलिकांत हजारो कृमी दडलेले असतात. भुंगा निरोगी झाडाच्या कोवळ्या डहाळ्यांची साल कुरतडतो आणि त्या जखमांतून कृमी आत शिरतात.

यापुढे झाडात जे घडते ते मोठे विलक्षण आहे. पाइनच्या लाकडात राळेच्या बारीक नळ्या असतात. जखम होताच राळ पाझरते व शत्रूस चिकटवून टाकते. हा कृमी मात्र त्याच नळ्यांतून वाट काढतो आणि भोवतालच्या जिवंत पेशी खातो. झाड जोराने प्रतिकार करू लागते. परंतु कृमी पुढे निघून गेलेले असतात व झाडाच्या स्वतःच्याच पेशी भराभर मरतात. त्यांतून सुटलेली तैलयुक्त द्रव्ये पाणी वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नलिकांत उतरतात, तेथे हवा शिरते आणि मुळांपासून शेंड्यापर्यंत अखंड असलेली पाण्याची धार तुटते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, राळ आटू लागते त्या वेळी झाडातील कृमींची संख्या अद्याप थोडीच असते. ढेकणापायी खाट जाळावी, तशातलाच हा प्रकार म्हणावयाचा. पुढे सुयांसारखी पाने पिवळी पडून तांबूस होतात. राळ आटलेल्या दुबळ्या खोडात भुंगा अंडी घालतो आणि कृमींना नवे वाहन मिळते.

अमेरिकेतील लॉब्लॉली पाइनसारख्या जाती या रोगास सहसा बळी पडत नाहीत. कृमी त्यांतही शिरतो, परंतु त्याचा प्रसार होत नाही. सहनशील झाडांत कृमीच्या वाटेवरील पेशींच्या भित्ती काष्ठद्रव्याने टणक होतात व तो शिरला तेथेच अडकून पडतो. जपानी काळ्या पाइनच्या अभ्यासात असे आढळले की, रोगास बळी पडणारी झाडे प्रतिकार लवकर व जोरात करतात, तर तग धरणारी झाडे बेताने प्रतिकार करून पेशींच्या भित्ती मजबूत करण्यावर भर देतात.

जपानने १९७८ मध्ये रोगाने उजाड झालेल्या वनांत हिरवी राहिलेली झाडे हेरण्यास प्रारंभ केला. अशा सुमारे २५ हजार झाडांपासून कलमे तयार करून त्यांत मुद्दाम कृमी सोडण्यात आले. कसोटीस उतरली ती तांबड्या पाइनची ९२ आणि काळ्या पाइनची अवघी १६ झाडे. निवड पद्धतीने वाण सुधारणाऱ्यास या आकड्यांमागील कष्ट निराळे सांगावयास नकोत. शिवाय अशा झाडांच्या बीपासून होणारी सर्वच रोपे सारखी निपजत नाहीत. तीव्र उन्हाळा, पाण्याची ओढ व कृमींचा मोठा भार एकत्र आल्यास निवडक रोपेही मरतात. म्हणून वाळलेली झाडे भुंगे उडण्यापूर्वीच तोडून जाळणे किंवा त्यांचे बारीक तुकडे करणे, हे काम तेथे दरवर्षी करावे लागते.

रोगाचा दूरचा प्रवास भुंग्याच्या पंखांवर नव्हे, तर लाकडातून होतो. याच कारणाने परदेशी मालाच्या लाकडी खोक्यांस आंतरराष्ट्रीय नियम लागू आहे. लाकूड उष्णतेने शुद्ध करावयाचे झाल्यास ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमानावर सलग ३० मिनिटे ठेवावे लागते. शुद्ध केलेल्या खोक्यावर धान्याच्या कणसाच्या चिन्हाचा शिक्का मारतात. मुंबई-न्हावाशेव्याकडून येणारी अशी खोकी मोडून त्यांच्या फळ्या पुष्कळ ठिकाणी फर्निचरासाठी विकल्या जातात. परदेशी खोक्यावर हा शिक्का नसेल आणि फळ्यांना साल चिकटलेली असेल किंवा त्यांत किड्यांची गोल भोके व ताजा भुसा दिसेल, तर ते लाकूड उघड्यावर साठवू नये व कृषी खात्याच्या नजरेस आणून द्यावे.