तेलाला पाचटाचा बांध

कोल्हापूर जिल्ह्यात ऊस तुटला की वाडं जनावरांपुढे जातं आणि पाचटाला बहुतेक वेळा काडी लागते. पाचट कुजवून खत करा, असं कृषी खातं सांगतं आणि काही शेतकरी ते ऐकतातही. पण समुद्रात सांडलेलं तेल अडवायला पाचट कामी येईल, असं कोणाच्या डोक्यात येणं कठीण. मॉरिशसच्या लोकांच्या ते आलं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी ते करून दाखवलं.

आग्नेय किनाऱ्यावरच्या माहेबूर गावात तेव्हा उसाच्या फडातलं पाचट थेट समुद्रकाठावर उतरत होतं. सुट्टीवरचे कामगार, शाळकरी पोरं, बायाबापड्या, मच्छीमार असे सगळे ते कापडी पिशव्यांत कोंबत बसले होते. पाण्यावर काळा तवंग होता. डिझेलपंपावर येतो त्याच्या कितीतरी पट उग्र वास हवेत होता.

झालं होतं ते असं. २५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे सुमारे ३०० मीटर लांबीचं मालवाहू जहाज पॉइंट देस्नीजवळच्या प्रवाळावर चढलं. मालक जपानी, झेंडा पनामाचा, कप्तान भारतीय. ब्राझीलकडे निघालेल्या या जहाजात माल नव्हता, पण स्वतःला लागणारं जवळपास ४,००० टन इंधन टाक्यांमध्ये होतं. शेजारी ब्लू बेचं सागरी उद्यान, रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतल्या पाणथळ जागा, आणि दुर्मीळ झाडं-पक्षी जिवापाड जपलेलं इल ओ एग्रेट हे चिमुकलं बेट. तेल सांडायला याहून वाईट जागा त्या देशात क्वचितच सापडली असती.

जहाज तिथे बारा दिवस तसंच राहिलं. समुद्र खवळलेला होता, तज्ज्ञ पथकं परदेशातून यायची होती, कोविडमुळे सीमा बंद होत्या. या अडचणी खऱ्या होत्या. तरीही एवढे दिवस हातात असताना किनाऱ्यावर पुरेशी तयारी झाली नाही, हा लोकांचा राग रास्तच म्हणावा लागेल. ६ ऑगस्टला तेल गळू लागलं. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी पर्यावरणीय आणीबाणी जाहीर केली. तोवर तवंग खाजणात शिरलाही होता.

तेल पाण्यावर तरंगतं, म्हणून ते तरंगत्या अडथळ्याने अडवता येतं. यंत्रणांकडे त्यासाठी लांबलचक रबरी किंवा प्लॅस्टिकचे पट्टे असतात; त्यांना बूम म्हणतात. मॉरिशसकडे ते पुरेसे नव्हते. मग माहेबूरच्या धक्क्यावर शिलाई सुरू झाली. कापड किंवा जाळी उशीच्या खोळीसारखी लांब शिवायची, तिच्यात सुकं पाचट ठासून भरायचं, तरंगत राहावं म्हणून झाकण घट्ट लावलेल्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या आत घालायच्या आणि तोंड बांधायचं. अशा नळ्या एकमेकींना जोडून मच्छीमार आपल्या होड्यांनी ओढत नेत आणि खाडीच्या तोंडाशी, तिवरांच्या रांगेपुढे नांगरून ठेवत. पाचट हलकं असतं, तेल त्याच्या पात्यांना चिकटतं. आठवडाभरात अशा बांधांची लांबी कित्येक किलोमीटरवर गेली. केशकर्तनालयांनी केसही गोळा केले, कारण केसांनाही तेल चिकटून राहतं. ‘इको-सूद’सारख्या स्थानिक संस्था कोणी कुठे बसायचं, माल कुठे उतरवायचा, याची आखणी करत होत्या. वन्यजीव संस्थेने इल ओ एग्रेटवरची दुर्मीळ रोपं आणि काही पक्षी उचलून मुख्य बेटावर हलवले.

सफाई यंत्रणांवर सोपवा, किनाऱ्याकडे येऊ नका, असं सरकारने बजावलं होतं. लोक आलेच. त्यांना घरी बसायला सांगणाऱ्यांना त्या पाण्याशी लोकांचं नातं नीट कळलं नसावं. तिथल्या मच्छीमाराला भरती-ओहोटीची वेळ, खाडीतला प्रवाह, वाऱ्याची दिशा रोजच्या कामातून माहीत असते. बूम नेमकी कुठे टाकावी, हे त्याला नकाशा न उघडता सांगता येतं. पहिल्या चार-सहा दिवसांत ही माहिती मोलाची असते, कारण तेल एकदा तिवरांच्या चिखलात मुरलं की ते काढणं जवळपास अशक्य होतं. तिवरं चिखलातून वर काढलेल्या मुळांनी श्वास घेतात. त्यांवर तेलाचा थर बसला की झाड हळूहळू गुदमरतं.

कोल्हापूरच्या वाचकाला मॉरिशस वाटतं तितकं परकं नाही. १८३४ पासून ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर मजूर तिकडे नेले, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी-साताऱ्याकडची मराठी कुटुंबंही होती. त्यांच्या वंशजांनी तिथे मराठी मंडळं चालवली, शाळांत मराठी टिकवली. गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी आजही त्या देशात असते. ज्या पिकासाठी या माणसांना समुद्रापार नेलं, त्याच पिकाचा टाकाऊ पाला त्या बेटाच्या कामी आला.

एकूण सुमारे १,००० टन तेल समुद्रात गेलं. उरलेलं जवळपास ३,००० टन १२ ऑगस्टपर्यंत उपसून काढण्यात आलं आणि तीनच दिवसांनी, १५ ऑगस्टला, जहाजाचे दोन तुकडे झाले. १६ ऑगस्टला भारतातून वायुदलाच्या विमानाने ३० टनांहून जास्त सामग्री आणि तटरक्षक दलाचं दहा जणांचं पथक पोहोचलं. म्हणजे भारताची मदत आली, पण पाचट तिच्या कितीतरी आधी आलं होतं.

या कौतुकात एक गोष्ट दडपली जाऊ नये. जहाजाचं इंधन अंगावर घेणं आरोग्याला घातक आहे. २००२ मध्ये स्पेनच्या गॅलिसिया किनाऱ्यावर ‘प्रेस्टिज’ या टँकरचं तेल सांडलं, तेव्हा हजारो मच्छीमारांनी सफाईत हात घातला. पुढे झालेल्या अभ्यासात त्यांच्यातल्या अनेकांना वर्षा-दोन वर्षांनंतरही श्वसनाचा त्रास असल्याचं आढळलं. माहेबूरमध्येही सुरुवातीला अनेक जण उघड्या हातांनी तेलात उतरले होते. तेलाने माखलेलं पाचट नंतर कुठे न्यायचं, हाही प्रश्नच होता. ते आता घातक कचरा झालेलं असतं, शेतात परत टाकता येत नाही.

धावून येणारी माणसं तर हवीत, पण त्यांचाच जीव धोक्यात, हा पेच पंचगंगा-कृष्णाकाठाने पाण्यात उभं राहून पाहिला आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिखली, आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत शेजाऱ्यांनीच शेजाऱ्यांना बाहेर काढलं. कोल्हापूरच्या ‘व्हाईट आर्मी’सारखी स्वयंसेवी पथकं दिवसरात्र पाण्यात होती. आणि त्याच पुरात ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळजवळ पूरग्रस्तांनी भरलेली गावचीच बोट उलटली, माणसं दगावली. मदतीला धावणाऱ्यांची दानत दोन्हीकडे सारखीच होती. बोटीत किती माणसं घ्यायची हे ठरवणारा, प्रत्येकाला जॅकेट देणारा कोणीतरी तिथे आधीपासून असायला हवा होता. तेलगळतीतही तसंच: हातमोजे, मास्क, पाळ्या, डॉक्टर आणि कचरा उचलणारी गाडी सरकारने पुरवावी, बाकीचं लोक करतात.

हे जमतं, याचे दाखले आहेत. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियातल्या तैआन किनाऱ्यावर ‘हेबेई स्पिरिट’ टँकरमधून १०,००० टनांहून जास्त तेल सांडलं, तेव्हा देशभरातून बारा लाखांवर स्वयंसेवक आले आणि भर थंडीत एकेक दगड फडक्याने पुसत राहिले. इकडे मे २०२५ मध्ये केरळजवळ ‘एमएससी एल्सा ३’ हे जहाज बुडालं, तेव्हा त्यातून वाहत येऊन वाळूत मिसळलेले प्लॅस्टिकचे बारीक दाणे वेचायला स्वयंसेवकच किनाऱ्यावर उतरले. ते काम यंत्राने होण्यासारखं नव्हतंच.

महाराष्ट्राच्या वाट्यालाही हे येऊन गेलं आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ ही जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल सांडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, त्यांपैकी काहींत कीटकनाशकं होती. मासेमारी थांबली, मासळीबाजार ओस पडले. वर्षभराने, ४ ऑगस्ट २०११ रोजी, ६०,००० टनांहून जास्त कोळसा घेऊन ‘राक कॅरियर’ मुंबईपासून काही मैलांवर बुडालं आणि त्याचं इंधन किनाऱ्याला लागू लागलं. या वेळी एका नागरिकाने वेगळा रस्ता धरला. मुंबईचे पर्यावरण कार्यकर्ते समीर मेहता राष्ट्रीय हरित लवादात गेले. ऑगस्ट २०१६ मध्ये लवादाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळसा मागवणाऱ्या कंपनीला ५ कोटी रुपयांची पर्यावरणीय भरपाई भरायला सांगितलं. पाचट भरणारे हात आणि फाइल घेऊन चिकाटीने बसणारा माणूस, दोघांची गरज इथे दिसते. मॉरिशसमध्येही २९ ऑगस्ट २०२० रोजी काळे कपडे घातलेले हजारो लोक राजधानी पोर्ट लुईच्या रस्त्यावर उतरले आणि जाब मागितला. पुढे डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने कप्तान आणि त्याच्या सहाय्यक अधिकाऱ्याला तुरुंगवास सुनावला.

कोल्हापूरकर मे महिन्यात गगनबावडा उतरून मालवणला किंवा पुढे गोव्याला जातात, तेव्हा कधीकधी वाळूत चालताना तळपायाला डांबराचे काळे गोळे चिकटतात. त्यांतही तेलच असतं, समुद्रात सांडून, उन्हावाऱ्याने घट्ट होऊन आलेलं. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने अशा गोळ्यांची रासायनिक तपासणी केली, तेव्हा काहींचा माग मुंबईजवळच्या तेलक्षेत्रापर्यंत, तर काहींचा येणाऱ्या-जाणाऱ्या टँकरपर्यंत लागला. नेमका कोणता टँकर, हे सहसा कळत नाही, त्यामुळे या तेलासाठी दावा लावायला समोर कोणी नसतं आणि किनारा साफ करायचं काम तिथल्या गावावर पडतं.